तुझ्या वाटचं ऐकणं

कोपनहेगन
१४ मे २०२४

प्रिय सिरिल,
स. न. वि. वि.

नमस्कार सप्रेम आहे, पण रागही आहे. दोन्ही एकदमच घे.

गेली काही वर्षं फुजैराला जेट्टीवरच्या कॅन्टीनमध्ये चहा गार होईपर्यंत तू मला उत्तर युरोपातल्या चर्चची नावं ऐकवलीस. कुठे किती जुना ऑर्गन, कुठल्या चर्चमध्ये आवाज कसा फिरतो. मी रिटायर झालो की दोन्ही जोडप्यांनी मिळून जायचं, मुक्काम आमच्या आभाकडे, असं ठरलं. आणि निघायला आठवडा उरला असताना तू म्हणालास की रजा मंजूर झाली नाही. अरे, त्याच तेलाच्या टर्मिनलवर मी सेफ्टी ऑफिसर होतो. जहाजात तेल भरून घेणाऱ्या तुझ्यासारख्या लोडिंग मास्टरला मे महिन्यात रजा मिळते की नाही, हे मला ठाऊक आहे. पण तू म्हणतोस तर मानतो.

फोनचं तर विचारूच नकोस. लावला की तू ओरडतोस, आवाज कट होतोय सदा, लिहून पाठव. व्हॉइस नोट पाठवली तर त्यावरचं माइकचं चिन्ह निळं होत नाही, म्हणजे तू ती ऐकतही नाहीस. म्हणून ही वही. मी लिहिणार, आभा पानांचे फोटो काढून तुला पाठवणार. तिला आणि जावईबापू उपेंद्रला याची फार गंमत वाटते.

काल रोस्किल्डला जाऊन आलो. कोपनहेगनहून ट्रेनने अर्धा तास. लाल विटांचं प्रचंड कॅथीड्रल, दोन टोकदार मनोरे, आणि आत डेन्मार्कचे राजे आणि राण्या पुरलेल्या. जिकडे पाहावं तिकडे थडगी. छाया पूर्ण वेळ चवड्यांवर चालत होती, कुणाची झोप मोडेल म्हणून. भिंतीवर एक जुनं घड्याळ आहे. तास झाला की घोड्यावरचा संत ड्रॅगनला भोसकतो आणि ड्रॅगन किंचाळतो. किंचाळी अगदी केविलवाणी आहे. छाया म्हणाली की बिचाऱ्याला रोज इतक्या वेळा मारायचं म्हणजे काय.

तू सांगितलेला ऑर्गन तिथे आहे. भिंतीवर उंच, सोनेरी नक्षीचा. आमच्या नशिबाने कुणीतरी सराव करत होतं. आम्ही बसून ऐकलं. छान होतं. आता छान म्हणजे काय हे विचारू नकोस. मला सुरातलं कळत नाही, मला अलार्म कळतो.

बाहेर कॉफी प्यायलो. छायाने किंमत आधी दिरहममध्ये केली, मग रुपयांत, आणि उरलेली कॉफी अतिशय आदराने संपवली.

डोरोथी वहिनींना आणि तुझ्या लेकीला, ट्रेसीला आमची आठवण सांग. राग मनात असला तरी लोभही तिथेच शेजारी आहे, हे जाणून असावे.

तुझा,
सदानंद


फुजैरा
२० मे २०२४

प्रिय सदा,
जय येशू.

पत्र पोचलं. डोरोथीने मोठ्याने वाचायला घेतलं तर मीच तिच्या हातून फोन ओढून घेतला. तुझं अक्षर अजून इन्स्पेक्शन रिपोर्टसारखंच आहे, त्यात लपायला जागा नाही.

रजेचं खरंच जमलं नाही. इकडे जहाजांची रांग लागली आहे, समुद्राकडे पाहिलं की रात्री गाव वसल्यासारखे दिवे दिसतात. उन्हाळा सुरू झालाय. तुझ्या जागी जो नवा माणूस आलाय तो हेल्मेटच्या पट्ट्या तपासत हिंडतो, पण तुझ्यासारखं कुणाला घाबरवता येत नाही त्याला.

आता महत्त्वाचं. ‘छान होतं’ हे उत्तर मी स्वीकारत नाही. तो ऑर्गन साडेचारशे वर्षांहून जुना आहे हबीबी, आणि तू त्याच्याखाली बसून ‘छान’ एवढंच घेऊन आलास? पुढच्या वेळी असं कर. सुरू झाल्यावर डोळे मिट. खालचे सूर येतील ते कानात येत नाहीत, आधी पायाखाली येतात. येतात का बघ. वरचे सूर टोचतात की पाठीवरून पाण्यासारखे जातात ते बघ. आणि वाजवणाऱ्याने हात उचलल्यावर आवाज किती वेळ इमारतीत राहतो, कुठून परत येतो, ते नीट ऐक. खरी मजा त्यात आहे. चर्च हेच वाद्य असतं, ऑर्गन नुसता त्याला फुंकर घालतो.

तिकडे आहेस तोवर माझ्या वाटचं ऐकून ये. एवढं काम कर.

आमच्या चर्चमधल्या महिन्याच्या मराठी मिस्सेची, तुमच्या भाषेत उपासनेची, तयारी चालू आहे. ट्रेसी नेहमीप्रमाणे कीबोर्डवर आहे. मी पुढे उभा राहून गातो त्या क्वायरमधले सगळे माझ्याशी अलीकडे फार गोड वागतात, कुणी वाद घालत नाही. म्हातारा झालो बहुतेक.

छायावहिनींना सांग, ड्रॅगनची दया मलाही येते.

मैत्री आहे ती इथल्या उन्हातही आटणार नाही, तू फक्त लिहीत राहा.

तुझा,
सिरिल


कोपनहेगन
२९ मे २०२४

प्रिय सिरिल,
स. न. वि. वि.

गृहपाठ केला आहे. तपासून मार्क दे.

शहराच्या एका टोकाला, साध्या लोकवस्तीत, ग्रुंटविगचं चर्च आहे. हे जुनं नव्हे, शंभर वर्षांच्या आतलं. लांबून पाहिलं तेव्हा मला वाटलं की कुणीतरी ऑर्गनच रस्त्यात उभा करून ठेवलाय. दर्शनी भिंत तशीच आहे, पाइप उभे केल्यासारखी. आत गेलो तर पिवळ्या विटांशिवाय काही नाही. भिंती विटांच्या, खांब विटांचे, वेदीसुद्धा विटांची. चित्र नाही, रंगीत काच नाही. लाखो विटा लागल्या म्हणे. बापाने बांधायला घेतलं, तो अर्ध्यात गेला, मग मुलाने पुरं केलं. उपेंद्र इंजिनीअर आहे, तो भिंतीवरून हात फिरवतच राहिला. विटा घासून इतक्या नेमक्या बसवल्यात की सांधा बोटाला लागत नाही.

बाक नाहीत, लाकडी खुर्च्या आहेत. मी मधल्या रांगेत बसलो. आधी सवयीने बाहेर पडायचे दरवाजे मोजले, मग तू सांगितलंस तसे डोळे मिटले.

खालचे सूर पायाखाली येतात हे खरं आहे. बुटांच्या तळव्यांना ते आधी कळलं. मोठा टँकर जेट्टीला टेकतो तेव्हा, धक्का नाही पण काहीतरी जड आल्याचं समजतं ना, तसं. वरचे सूर टोचले नाहीत. ते वर छताशीच राहिले, खाली आमच्यापर्यंत आलेच नाहीत असं वाटलं, मग एकदम मागून आले, जणू कुणी आपल्या पाठीमागे उभं आहे. मी वळून पाहिलं. छायाने मला कोपराने ढोसलं. आणि वाजवणाऱ्याने हात उचलला तेव्हा आवाज गेला नाही. तो हळूहळू दूर जाणाऱ्या माणसासारखा गेला, मध्येच थांबून मागे बघणाऱ्या. शेवटी तो आहे की नाही याची खात्री होईना. कुणी खोकलं, तेव्हा कळलं की संपलाय.

सिरिल, मला तेव्हा भरून आलं. माझा तुमच्या देवाशी संबंध नाही, माझ्याही देवाशी बेताचाच आहे. कशाने आलं माहीत नाही. वाटलं की इथे माझ्या जागी तू बसायला हवा होतास आणि मी बाहेर कॉफीच्या किमती बघत फिरायला हवं होतं.

छाया म्हणते की तुझ्या पत्रात काहीतरी वेगळं आहे. तिच्या मते तू प्रश्न विचारतोस ते माहिती हवी म्हणून नाही, भूक लागलेला माणूस जेवणाबद्दल विचारतो तसे. मी म्हटलं की तुझं काहीतरीच. पण लिहून ठेवतो.

पुढच्या आठवड्यात नॉर्वे. तुझा लोभ आमच्या सामानात कायम बांधलेला आहे.

तुझा,
सदानंद

ता. क. छायाने विचारलंय, वहिनींचा गुडघा कसा आहे?


फुजैरा
३ जून २०२४

आदरणीय सदानंदभाऊ आणि प्रिय छायावहिनी,
डोरोथीचा नमस्कार.

हे पत्र मी सिरिलना न सांगता लिहिते आहे. तुमचं विटांच्या चर्चचं पत्र त्यांनी कितीतरी वेळा वाचलं, मग घडी घालून उशाखाली ठेवलं. फोटोवरून प्रिंट काढून आणली होती ऑफिसमधून. ते पाहून मला राहवेना.

भाऊ, त्यांना ऐकू येत नाही. रजा वगैरे सगळं खोटं. डावा कान जवळजवळ गेलाय आणि उजवा निम्मा. दोन वर्षांपासून कमी होत होतं, गेल्या नाताळापासून फार झालं. मार्चमध्ये मी जबरदस्तीने शारजाला डॉ. बदरुन्निसांकडे घेऊन गेले. त्या फार चांगल्या आहेत, आपल्या हैदराबादच्या. त्यांनी कानाची यंत्रं लावायला सांगितली आणि जास्त आवाजाच्या जागी काम करू नका म्हणाल्या. सिरिलनी रिपोर्ट कपाटात ठेवला आणि मला शपथ घातली. टर्मिनलवर कळलं तर मेडिकलमध्ये अनफिट करतील, मग नोकरी आणि व्हिसा दोन्ही खलास, असं त्यांचं म्हणणं. सहलीला का नाही आले तेही सांगते. मला म्हणाले, डोरोथी, आयुष्यभर ज्याची वाट पाहिली ते समोर वाजणार आणि मी लोकांच्या तोंडाकडे बघत बसणार, ते माझ्याने होणार नाही.

एवढंच असतं तर मी शपथ पाळली असती. पण गेल्या मंगळवारी जेट्टीवर एका जहाजाचा दोर ताणला जात होता आणि हे नको तिथे उभे होते. लोक ओरडले. यांना कळलं नाही. बदरुद्दीन म्हणून यांचा सहकारी आहे, तुम्ही ओळखता, त्याने शर्टाला धरून मागे ओढलं. दोर तुटला आणि हे उभे होते तिथून गेला. घरी येऊन हे हसत सांगत होते की बदरुद्दीनने नवा शर्ट फाडला. मी फाटका शर्ट शिवायला घेतला आणि माझे हात थांबले.

मी कोणाला सांगू? तुम्ही तिथे सेफ्टीला होतात. तुमचं ते ऐकतात. गुडघा बरा आहे वहिनी, त्याची काळजी नको.

तुमच्या मायेवर हक्क समजून लिहिलं आहे, रागावू नये.

तुमची,
डोरोथी


लेर्डाल, नॉर्वे
११ जून २०२४

प्रिय सिरिल,
स. न. वि. वि.

आज बोरगुंडला गेलो होतो. आठशे वर्षांपूर्वीचं लाकडाचं चर्च. डोंगरांच्या बेचक्यात एकटं उभं, छपरावर छपरं, टोकांना ड्रॅगनची तोंडं. वर्षानुवर्षं डांबर फासून काळं केलेलं. जवळ गेलो आणि डांबराचा वास आला तेव्हा मला थेट आपलं टर्मिनल आठवलं. आत काळोख, उजेड फक्त उंचावरच्या बारीक भोकांतून. ऑर्गन नाही. बाक नाहीत. कुणा जुन्या माणसांनी भिंतीत अक्षरं कोरून ठेवली आहेत. तिथली बाई म्हणाली की लोक उभ्यानेच प्रार्थना करायचे.

मी तिथे तुझ्यासाठी काही ऐकलं नाही. डोक्यात एकच गोष्ट होती, ती आता लिहितो.

मला सगळं कळलं आहे. वहिनींवर रागावू नकोस, मी त्यांच्या जागी असतो तर आधीच सांगितलं असतं. तुझ्या कानांचं मला किती वाईट वाटलं ते पत्रात मावणार नाही, म्हणून ते ठेवतो बाजूला. जेट्टीचं बोलतो.

तुटलेला दोर काय करतो हे मी तुला सांगायची गरज नाही. तू आणि मी दोघांनी पाहिलं आहे, त्या फिलिपिनो पोराचं काय झालं ते. त्यानंतर मी सहा महिने नीट झोपलो नव्हतो आणि तू रोज संध्याकाळी येऊन माझ्याशेजारी बसायचास. लोडिंग मास्टरला रेडिओवरचा ‘स्टॉप’ ऐकू आला नाही तर मरणारा माणूस तोच असेल असं नाही. तेल भरायच्या होजवर उभा असलेला कुणीही असेल.

तू स्वतः जाऊन सांग. कंपनीत यम्ना मॅडम आहेत, एचआरच्या, त्या नीट ऐकून घेतात. जून संपायच्या आत सांग. नाही सांगितलंस तर मी सांगेन. मित्र म्हणून हे लिहिताना हात जड झाला आहे, पण दुसरं काय लिहावं ते सुचत नाही.

तुझा लोभ राहील की नाही हे आता तुझ्या हातात.

सदानंद


फुजैरा
१३ जून २०२४

सदानंद,

पत्र मिळालं. तू रिटायर झालास हे विसरलास वाटतं. इन्स्पेक्शन अजून चालूच आहे.

ट्रेसीचं कॉलेजचं शेवटचं वर्ष आहे. गावच्या घराचं काम अर्धवट आहे. तुझी मुलगी कोपनहेगनला स्थिरावली, तुला जून संपायच्या आत म्हणणं सोपं जातं. बत्तीस वर्षं मी जेट्टीवर आहे. मला जहाज कानांनी नाही, अंगाने कळतं.

सांगायचं तर सांग. मग मला पत्रं लिहू नकोस.

सिरिल रुमाव


कोपनहेगन
२७ जून २०२४

प्रिय डोरोथी वहिनी,
छायाचा नमस्कार.

पत्र नाही म्हणून काळजी वाटते. इकडे ह्यांचं लक्ष कशातच नाही. आभाने दोन दिवस चर्च दाखवायला न्यायचं ठरवलं होतं, हे म्हणाले की मला कुठल्याच चर्चमध्ये जायचं नाही. लॅपटॉप उघडतात, टर्मिनलला मेल लिहायला घेतात, बंद करतात. मी विचारलं की सिरिलभावजींपेक्षा नियम मोठा का? म्हणाले की नियम नाही, सिरिलच मोठा. त्याच्यासाठीच लिहायचंय आणि त्याच्यासाठीच लिहवत नाही.

तुमच्याकडे काय चाललंय ते दोन ओळी तरी कळवा. आपण दोघी तरी एकमेकींशी धरून राहू.

तुमची,
छाया


फुजैरा
९ जुलै २०२४

प्रिय सदा,
जय येशू.

सांगितलं. पहिलं वाक्य तेच लिहितो, म्हणजे पुढचं तुला शांतपणे वाचता येईल.

तुझ्या पत्रामुळे सांगितलं असं मात्र समजू नकोस. तुझं पत्र मी चुरगाळून टाकलं होतं. झालं ते असं. जूनच्या शेवटच्या रविवारी आमची मराठी मिस्सा होती. सुरुवातीचं गीत मी उचललं, नेहमीसारखं. क्वायर माझ्यामागून आली, सगळं ठीक. दुसऱ्या कडव्याला माझी नजर सहज ट्रेसीच्या हाताकडे गेली. ती डाव्या हाताने कीबोर्डवरचं बटण दाबत होती, सूर वर-खाली करायचं. कडवं संपलं, पुन्हा दाबलं. पुढच्या गीतालाही तेच. फादर प्रवचन देत होते आणि मी त्या बटणाकडे बघत बसलो होतो.

घरी आल्यावर विचारलं. तिने आधी गीतांची वही कपाटात ठेवली. मग म्हणाली, “सिन्स क्रिसमस, डॅड.” मी बेसूर उचलतो, मध्येच घसरतो, आणि ती जिथे मी जाईन तिथे कीबोर्ड घेऊन येते. क्वायरमधल्या सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच कुणी वाद घालत नव्हतं. मला वाटत होतं की आमची क्वायर इतकी एका सुरात कधीच नव्हती.

लाज वाटली, पण ती नंतर. आधी वेगळाच विचार आला. चर्चमध्ये माझी मुलगी बटण दाबते. मग जेट्टीवर कोण दाबतं? दुसऱ्या दिवशी ड्युटीवर मी पहिल्यांदा नीट पाहिलं. रेडिओवर काही आलं की बदरुद्दीन माझ्यासमोर येतो आणि तेच पुन्हा बोलतो, जणू स्वतःशीच. कितीतरी महिने. स्वतःची जागा सोडून माझ्या उजव्या बाजूला उभा राहतो. त्या दोराच्या दिवशी तो माझ्याजवळ होता तो योगायोगाने नव्हे, आणि दोर त्याच्याही अंगावरून गेला असता. त्याला दोन लहान मुली आहेत.

मी त्याला विचारलं, की हे का करतोस? तो हिंदीत म्हणाला, “साब, आप पूछते तो बताता.”

शिफ्ट संपल्यावर तसाच यम्ना मॅडमकडे गेलो. त्यांनी दार लावलं, समोरासमोर बसल्या आणि हळू, नीट ओठ दिसतील असं बोलल्या. म्हणजे त्यांनाही कल्पना होती की काय कोण जाणे. निकाल असा, की जेट्टी बंद, त्या दिवसापासूनच. डिसेंबरपर्यंत डॉक्युमेंटेशनला बसायचं, त्यानंतर करार वाढणार नाही. म्हणजे ठरल्यापेक्षा दोन वर्षं आधी वसईला, गावी. घराचं काम जसं होईल तसं होईल. ट्रेसी म्हणते की ती नोकरी बघेल आणि आम्ही गप्प बसावं.

क्वायरही सोडली. ते कुणी सांगितलं नाही, मीच सोडली. परवाच्या रविवारी बाकावर जाऊन बसलो तर हात कुठे ठेवायचे ते कळेना.

यंत्रं लावली आहेत. फ्रिजचा आवाज इतका असतो हे विसरलो होतो.

रागाचं विचारशील तर तो अजून आहे. थोडा तुझ्यावर, कारण तू खरं लिहिलंस, आणि जरा जास्त माझ्यावर. जाईल. तोवर पत्र लिहायला हरकत नाही.

तुझा,
सिरिल


पुणे
४ ऑगस्ट २०२४

प्रिय सिरिल,
स. न. वि. वि.

आम्ही परत आलो. इथे सगळं ओलं आहे आणि माझं सामान अजून खोक्यांत आहे.

तुला एक कळायला हवं. जून संपला, पहिली तारीख उजाडली, आणि मी मेल पाठवली नाही. दुसरीलाही नाही. तुला दमात घेतलं खरं, पण वेळ आली तेव्हा सेफ्टी ऑफिसरचे हात चालले नाहीत. तुझं पत्र येईपर्यंत रोज सकाळी मी आधी फुजैराच्या बातम्या बघायचो, अपघाताची बातमी नाही ना म्हणून. तेव्हा तू मला शूर समजून रागावला असशील, तर तो राग चुकीच्या माणसावर आहे.

बदरुद्दीनला माझा सलाम सांग.

आणि एक विनंती. डिसेंबरआधी तुला शिल्लक रजा घ्यावीच लागणार आहे, आणि ही मंजूर होईल हे मला नक्की माहीत आहे. आभाचं घर आहे. जा. वहिनींना घेऊन जा. काय ऐकू येतं, काय नाही, याचा हिशेब नंतर करू.

तू लिही, मी वाचतो. एवढा व्यवहार दोघांच्या हयातीत चालू राहावा.

तुझा,
सदानंद


हेलसिंकी
२२ सप्टेंबर २०२४

प्रिय सदा,
जय येशू.

आभा आणि उपेंद्र यांनी आमचं इतकं केलं की डोरोथी त्यांच्याकडून वसईला यायचं वचन घेतल्याशिवाय निघायला तयार नव्हती. छायावहिनींनी शिकवलेली आमटी पोरीने रोज केली.

तुझ्या विटांच्या चर्चला गेलो. तू लिहिलंस तसंच आहे, फक्त तू उजेडाबद्दल लिहिलं नव्हतंस. दुपारी तो पिवळ्या भिंतींवरून असा खाली येतो की विटा आतून पेटल्यासारख्या दिसतात. तुझ्या मधल्या रांगेत बसलो. ऑर्गन सुरू झाला.

सदा, वाईट वाजत होता. ऑर्गन नव्हे, माझ्या कानांतली यंत्रं. डॉ. बदरुन्निसांनी आधीच सांगितलं होतं की ही बोलण्यासाठी केलेली आहेत, संगीतासाठी नाहीत. पण ऐकून घेणं वेगळं. रिकामे डबे घरंगळत यावेत तसं. मी यंत्रं काढली, तर वरचं सगळं गेलं, नुसती लांबवर गुरगुर उरली. पुन्हा लावली, पुन्हा डबे. संपेपर्यंत बसलो, कारण वाजवणाऱ्याचा काही दोष नव्हता. डोरोथी माझ्याकडे बघत होती. मी मान डोलावत राहिलो, ताल धरला, बाहेर आल्यावर म्हणालो की वा, आयुष्याचं सार्थक झालं. तिने हो म्हणून माझा हात धरला.

खरं सांगायचं तर त्या रात्री तुझं मेमधलं पत्र पुन्हा वाचलं आणि ठरवलं की त्या चर्चमधलं ऐकणं तेच. तू ऐकलंस ते माझं. यापुढे कुणी विचारलं तर तुझंच सांगणार आहे.

इथे हेलसिंकीत खडकात खोदलेलं चर्च पाहिलं. टेकडी सुरुंगाने फोडून आत जागा केली आहे, वर तांब्याचं छत, बाजूला उघडा कातळ, त्यातून पाणी झिरपतं. पाहण्यासारखं आहे. पण पर्यटकांच्या बसवर बस येत होत्या, कुजबुज आणि कॅमेरे, माझ्या यंत्रांना सगळं सारखंच मोठं ऐकू येतं. दहा मिनिटांत डोकं उठलं.

तिथून चालत शहराच्या मधोमध आलो. आजूबाजूला मॉल, बसचा तळ, आणि चौकात एक लाकडी वाडग्यासारखं काहीतरी. वाटलं की दुकान असेल. ते चर्चच निघालं, अगदी नवीन. आत प्रार्थनासभा नाही, गाणं नाही. लोक नुसते शांत बसायला येतात. सगळीकडे लाकूड, खिडकी नाही, वरच्या कडेने उजेड उतरतो. डांबरी रस्त्यावरचा एकही आवाज आत येत नाही. आठदहा माणसं लांब लांब बसली होती, कुणी डोळे मिटून, कुणी पिशवी मांडीवर घेऊन. आम्ही मागे बसलो.

थोड्या वेळाने मला काहीतरी ऐकू यायला लागलं. आधी वाटलं की यंत्र बिघडलं. मग कळलं, डोरोथी आहे. ती प्रार्थना करताना ओठांत बोलते, पहिल्यापासून. आमच्या वसईच्या बोलीत, अगदी मासे साफ करताना शेजारणीशी बोलावं तसं देवाशी बोलते. ते मी दोन वर्षांत ऐकलं नव्हतं. ती हे अजून करते हेही मला माहीत नव्हतं. माझ्या डोक्यात तीही माझ्याबरोबर गप्प झाली होती.

त्या खोलीत दुसरा आवाजच नव्हता, म्हणून एकेक शब्द आला. आधी ट्रेसीचं सांगितलं तिने, मग घराच्या छपराचं, मग तुझं आणि छायावहिनींचं नाव घेतलं. मग माझ्यावर आली. म्हणाली की हा नीट जेवतो, चालतो पुष्कळ, रात्री झोपतो. विटांच्या चर्चमध्ये याला काही ऐकू आलं नाही, मला दिसलं, पण माझ्यासाठी मान डोलावत होता. मग म्हणाली, “मला कळलंय हे त्याला कळू देऊ नकोस. त्याला वाटू दे की मी खूश आहे.”

मी समोर बघत बसलो. तिने क्रूसाची खूण केली, माझ्याकडे पाहिलं आणि खुणेनेच विचारलं, निघायचं का? मी खुणेनेच सांगितलं की अजून थोडं बसू.

मी ऐकलं हे तिला सांगितलेलं नाही. तूही सांगू नकोस.

डिसेंबरात वसईला पोचलो की पुण्याला येतो. तोवर प्रेम होतं तेवढंच राहू दे, वाढवलंस तरी तक्रार नाही.

तुझा,
सिरिल